हर्था एर्टन : प्रखर प्रकाशाच्या उपासक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील मोठमोठ्या शहरांचे रस्ते आणि युद्धनौकांचे सर्चलाइट आर्क दिव्यांनी उजळत असत. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमधील फटीतून वीज वाहू लागली की डोळे दिपवणारा प्रकाश पडे. मात्र हा दिवा मध्येच फुसफुसू लागे आणि त्याचा प्रकाश अस्थिर होई. त्यामागचे कारण शोधून काढणाऱ्या हर्था एर्टन यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १८५४ रोजी इंग्लंडमधील पोर्टसी येथे एका ज्यू कुटुंबात झाला. घड्याळजी असलेले वडील १८६१ साली वारले आणि आईने शिवणकामावर मोठा संसार सावरला. सोळाव्या वर्षापासून हर्था शिकवण्या करून पैसे मिळवू लागल्या. पुढे हितचिंतकांच्या साहाय्याने त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या. १८८० साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या; परंतु केंब्रिज विद्यापीठ त्याकाळी स्त्रियांना पदवी देत नसे. १८८५ साली प्राध्यापक विल्यम एर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८९३ पासून त्यांनी आर्क दिव्याचा चिकाटीने अभ्यास केला. धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि बहुतेक प्रकाश त्या तप्त खळग्यातूनच येतो. वीजप्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की खळगा टोकावर मावेनासा होऊन कडेला पसरतो. मग हवेतील प्राणवायू तप्त कार्बनला भिडतो आणि दिवा फुसफुसतो, असे त्यांनी सिद्ध केले. कांड्यांचा आकार, त्यांमधील अंतर व वीजप्रवाह यांचा मेळ कसा घालावा, हे त्यामुळे स्पष्ट झाले. पुढे ब्रिटिश नौदलाच्या सर्चलाइटसाठीही त्यांनी संशोधन केले.

१८९९ साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना आपली पहिली स्त्री सदस्य करून घेतले. रॉयल सोसायटीत मात्र १९०१ साली त्यांचा निबंध एका पुरुषाने वाचला. १९०२ साली फेलो म्हणून त्यांचे नाव सुचवले गेले, तेव्हा विवाहित स्त्रीला फेलो होता येत नाही, या कारणास्तव ते नाकारले गेले. त्याच संस्थेने १९०६ साली त्यांना ह्यूज पदक देऊन गौरविले. स्त्रियांना फेलोपद मिळण्यास १९४५ साल उजाडले. हर्था मात्र २६ ऑगस्ट १९२३ रोजीच कालवश झाल्या होत्या.

नाकारल्या गेल्यावरही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. आपल्या घरातील मुलींच्या बुद्धीला वेळीच वाव मिळावा, हाच या चरित्राचा बोध आहे, असे आम्हांस वाटते.