सुटीतल्या अभ्यासातून सोरबोनपर्यंत : अ‍ॅना ज्युलिया कूपर

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आज माध्यमिक शाळांमध्ये अध्यापन करीत आहेत. बी.एड. झाले, नोकरी लागली आणि मग दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्यांत अभ्यास करून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून एम.ए. पूर्ण केले, असा आपल्यापैकी पुष्कळांचा प्रवास आहे. प्रस्तुत लेखकाचाही तोच. म्हणूनच अ‍ॅना ज्युलिया कूपर या अमेरिकन शिक्षिकेचे चरित्र वाचताना ते परके वाटले नाही. अमेरिकेत त्यांचे नाव मोठे आहे. २००९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख फारशी नाही.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८५८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅली या गावी झाला. आई हॅना ही गुलाम होती. त्यामुळे तेथील कायद्याप्रमाणे मूलही जन्मतःच मालकाची मालमत्ता ठरले. वडील बहुधा मालकाच्याच घरातले; आईने लाजेपोटी त्यांचे नाव कधी उच्चारले नाही. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि मुक्त झालेल्या लोकांमधून शिक्षक घडविण्यासाठी रॅलीत सेंट ऑगस्टीन्स नॉर्मल स्कूल निघाले. नॉर्मल स्कूल म्हणजे अध्यापक विद्यालय. आपल्या जुन्या पिढीतील मास्तरांना हा शब्द ठाऊक असेल. १८६८ मध्ये, दहाव्या वर्षाच्या आतच, अ‍ॅना तेथे दाखल झाली आणि लवकरच खालच्या वर्गांतील मुलांना शिकवू लागली. ग्रीक भाषेचा वर्ग मात्र धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या पुरुषांसाठी होता. तिने मागणी लावून धरली आणि त्या वर्गात जागा मिळवली. शालेय जीवनात संस्कृतऐवजी फारसी घ्यावी लागलेल्या बाबासाहेबांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही.

त्याच संस्थेतील जॉर्ज कूपर यांच्याशी १८७७ मध्ये त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत वैधव्य आले. पुनर्विवाह न करता त्यांनी ओबर्लिन महाविद्यालय गाठले. तेथे स्त्रियांसाठी सोपा, लहान अभ्यासक्रम होता. तो नाकारून पुरुषांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडला आणि १८८४ मध्ये बी.ए. झाल्या. पुढील अध्यापनाचा अनुभव ग्राह्य धरून १८८७ मध्ये त्याच महाविद्यालयाने त्यांना गणितातील एम.ए. पदवी दिली. वर्गात घालवलेली वर्षे पदवीच्या खात्यात जमा झाली, ही गोष्ट आपल्याकडच्या सेवेतील शिक्षकांना हेवा वाटावा अशीच आहे.

त्याच वर्षी त्या वॉशिंग्टन येथील कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कूलमध्ये रुजू झाल्या. ही शाळा पुढे एम स्ट्रीट हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. प्रथम गणित व विज्ञान, नंतर लॅटिन हे त्यांचे विषय. १९०२ मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या मुलांना सुतारकाम, लोहारकाम, शिवण शिकवावे, एवढेच त्यांना झेपेल, असा विचार प्रबळ होता. कूपर यांचा हस्तोद्योगाला विरोध नव्हता. परंतु ज्याच्यात कुवत आहे त्याच्यासाठी विद्यापीठाचा दरवाजा बंद करण्याचा अधिकार कोणाला नाही, या मतावर त्या ठाम होत्या. त्यांच्या कारकिर्दीत शाळेचे विद्यार्थी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मिळवू लागले. वरिष्ठांना हे रुचले नाही. शिस्तीपासून चारित्र्यापर्यंत आरोप झाले, सुनावण्या झाल्या, आणि १९०६ मध्ये शिक्षण मंडळाने त्यांची फेरनियुक्ती केली नाही. चार वर्षे मिझुरी राज्यात अध्यापन करून १९१० मध्ये त्या त्याच शाळेत परतल्या. या वेळी मुख्याध्यापिका म्हणून नव्हे, तर लॅटिनच्या शिक्षिका म्हणून.

पन्नाशी उलटलेली, पद गेलेले. अशा वेळी त्यांनी उन्हाळी सुट्यांत पॅरिसला जाऊन फ्रेंचचा अभ्यास सुरू केला. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी नाव नोंदविले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात त्याच विद्यापीठात शिकत होते. दोघांची भेट झाल्याचा काही पुरावा नाही आणि लेखकाला तशी कल्पनाही रंगवायची नाही. मात्र कोलंबियाच्या नियमानुसार एक पूर्ण वर्ष विद्यापीठात राहणे आवश्यक होते आणि नोकरीवर पोट असलेल्या शिक्षिकेला ते अशक्य होते. त्यातच १९१५ च्या अखेरीस नात्यातील पाच पोरकी मुले त्यांच्या पदरी आली. सर्वांत धाकटे तर तान्हे होते. त्यांच्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये टी स्ट्रीटवर घर विकत घेतले. पदवी जवळजवळ दहा वर्षे लांबली.

अखेर कोलंबियातील अभ्यास सोरबोनमध्ये ग्राह्य धरला गेला. १९२४ मध्ये त्या रजा घेऊन पॅरिसला गेल्या. तेथे असतानाच मैत्रिणीची तार आली : साठ दिवसांत हजर न झाल्यास नोकरी जाणार. कागदपत्रांच्या नकला मागे सांगून त्या निघाल्या आणि मुदत संपण्याआधी वर्गावर उभ्या राहिल्या. रजेच्या अर्जावर शेरा काय येईल या धास्तीत परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग समजेल. उरलेले लेखन वॉशिंग्टनमध्ये शाळा सांभाळून झाले.

२३ मार्च १९२५ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी परीक्षकांसमोर प्रबंधाचे समर्थन केले. विषय होता फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्सने गुलामगिरीबाबत घेतलेली भूमिका. मानवी हक्कांचा जाहीरनामा काढणारे राष्ट्र सां-दोमिंगच्या उसाच्या मळ्यांतील गुलामांना माणूस मानायला का कचरत होते, हा त्यांचा प्रश्न. परीक्षकांत सेलेस्तँ बूग्ले होते. भारतातील जातिव्यवस्थेवर १९०८ मध्ये ग्रंथ लिहिणारे ते हेच समाजशास्त्रज्ञ. समतेची कल्पना ही पाश्चात्त्य समाजाची विशेष देणगी होय, या बूग्ले यांच्या मांडणीला कूपर यांनी त्यांच्याच समोर आव्हान दिले. समतेची ओढ कोणा एका वंशाची नसून मनुष्यमात्राची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेबांनी पुढे १९५४ मध्ये सांगितले, ते या ठिकाणी आठवावे.

त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी त्यांना त्याच वर्षी २९ डिसेंबरला वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात प्रदान करण्यात आली. डॉक्टर झाल्यावरही त्या त्याच हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवीत राहिल्या आणि १९३० मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर दिवसा मजुरी करणाऱ्या प्रौढांसाठी चालणाऱ्या फ्रीलिंगहायझन विद्यापीठाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. संस्थेला इमारत राखणे कठीण झाले तेव्हा टी स्ट्रीटवरील आपल्या घरातच संध्याकाळचे वर्ग भरविले. ज्यांचे शालेय शिक्षणही अपुरे होते, त्यांच्यासाठी तेथे एक स्वतंत्र विभाग काढला आणि त्याला आपल्या आईचे, हॅना स्टॅन्ली यांचे नाव दिले. २७ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.