ज्ञानकोशकार केतकर आणि सूचीचा खंड

दाखल-खारीज रजिस्टरात एखादं जुनं नाव शोधायला बसलं की मला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात.

जन्म १८८४ चा, रायपूरचा. शाळा मात्र अमरावतीत झाली, म्हणजे आपल्या रिठदकरांना ते तसे जवळचेच. पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज, मग अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. १९११ साली तिथून पीएच.डी. घेतली. परत येऊन बरी नोकरी धरली असती, तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचं काढलं. वर्गणीदार जमवले, नागपुरात सुरू केलेलं काम पुण्यात नेलं आणि ओढाताण सोसत २३ खंड पुरे केले.

पहिले पाच खंड प्रस्तावनेचे, विषयवार. पुढचे सोळा अकारविल्हे. कापसाची माहिती हवी तर 'क' काढा, झालं. पण विषयवार खंडात एखादं नाव कुठल्या पानावर आलंय, हे कसं कळावं? तिथं सूचीच लागते. बाविसावा खंड सूचीचा आहे.

आता सूची केवढी करायची? प्रत्येक शब्द घेतला तर ती ग्रंथाएवढी फुगते, आणि कागद-छपाईला पैसा लागतो. फार कमी घेतले तर माहिती असून नसल्यासारखी.

संगणकावरच्या डेटाबेसमध्ये हाच पेच आहे. इंडेक्स फाइल म्हणजे त्याची सूची. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स केला तर फाइल फुगते, शिवाय एक पोरगं नव्यानं दाखल झालं की प्रत्येक इंडेक्समध्ये नोंद करावी लागते. ज्या रकान्यावरून कधी शोधतच नाही, त्याचा इंडेक्स काढून टाकावा. लांब मजकुराची सुरुवातीची काही अक्षरंच घ्यावीत. खोडलेल्या नोंदींची जागा रिकामी पडून राहते, म्हणून गरजेप्रमाणे इंडेक्स नव्यानं बांधावा. छापील सूचीला ही सोय नाही. पान क्रमांक चुकला की चुकलाच!

१९२० साली केतकरांनी एडिथ कोहन यांच्याशी लग्न केलं. त्या शीलवतीबाई झाल्या. 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्याही केतकरांनी लिहिल्या. १९२७ मध्ये ते पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्ञानकोशात त्यांच्या हाताखाली तयार झालेले दाते आणि कर्वे पुढे महाराष्ट्र शब्दकोशाकडे वळले. १० एप्रिल १९३७ ला केतकर गेले, तेव्हा वय अवघं ५३.

ज्ञानकोश आता इंटरनेटवर वाचता येतो. पोरांना घेऊन एकदा उघडा, पण आधी सूचीचा खंड.