विश्लेषण : न सापडलेल्या मूलद्रव्याची घनता मेंडेलीव्ह यांना आधीच कशी कळली?

फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ लकॉक द ब्वाबॉद्रां यांनी १८७५ मध्ये गॅलियम हा नवा धातू शोधला. त्याची घनता मोजली, तेव्हा आकडा आला ४.७. त्यावर रशियातून एका प्राध्यापकाने कळवले, की हा आकडा चुकीचा आहे. नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९ च्या आसपास असायला हवी. या प्राध्यापकाने गॅलियम कधी पाहिलेही नव्हते. ब्वाबॉद्रां यांनी धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजला आणि या वेळी उत्तर आले ५.९. ते प्राध्यापक होते दिमित्री मेंडेलीव्ह. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून घराघरात पोहोचलेल्या आवर्तसारणीचे हे जनक नेमके कोण होते, त्यांचे भाकीत कशामुळे खरे ठरले आणि ते कुठे चुकले, याचा हा आढावा.

मेंडेलीव्ह कोण होते?

सायबेरियातील टोबोल्स्क या गावी ८ फेब्रुवारी १८३४ रोजी त्यांचा जन्म झाला. मोठ्या कुटुंबातील ते सर्वांत धाकटे अपत्य. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते, मात्र दिमित्री यांच्या जन्माच्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरी सुटली. मग आई मारिया यांनी माहेरचा काचेचा कारखाना चालवायला घेतला आणि घर सावरले. १८४७ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी कारखाना आगीत जळाला.

सगळे संपल्यावरही आईने एक गोष्ट सोडली नाही, ती म्हणजे धाकट्या मुलाचे शिक्षण. त्याला घेऊन ती सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून मॉस्कोला गेली. तिथे विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही, म्हणून दोघे सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. १८५० मध्ये तिथल्या अध्यापन संस्थेत मुलाला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी आईने डोळे मिटले. पुढे १८८७ मध्ये द्रावणांवरील आपला मोठा ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला.

सारणीची गरज का पडली?

शिक्षणानंतर मेंडेलीव्ह यांनी काही काळ शाळेत शिकवले आणि १८५९ मध्ये ते संशोधनासाठी जर्मनीतील हायडेलबर्गला गेले. पुढच्याच वर्षी कार्लस्रूह येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. त्या काळी एकाच मूलद्रव्याचा अणुभार प्रत्येक जण वेगळा मानत असे. इटलीच्या कॅनिझारो यांनी अणुभार ठरवण्याची एकसारखी पद्धत परिषदेत मांडली. तरुण मेंडेलीव्ह तिथे हजर होते. एका मापाने मोजलेले आकडे हाती आल्याशिवाय मूलद्रव्यांची तुलनाच शक्य नव्हती.

रशियात परतल्यावर ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना देण्याजोगे चांगले रशियन पुस्तक नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. पहिल्या भागात मोजकीच मूलद्रव्ये झाली. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. उरलेली पन्नासहून अधिक दुसऱ्या भागात कोणत्या क्रमाने बसवायची, हा प्रश्न उभा राहिला. आवर्तसारणीचा जन्म या अडचणीतून झाला.

त्या दिवशी काय घडले?

तारीख होती १ मार्च १८६९, जुन्या रशियन पंचांगानुसार १७ फेब्रुवारी. मेंडेलीव्ह चीज उत्पादक सहकारी गटांच्या पाहणीसाठी निघणार होते. त्यासंबंधी आलेल्या पत्राच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मूलद्रव्यांच्या अणुभारांचे काही आकडे खरडले. त्याच दिवशी सारणीचा पहिला आराखडा तयार झाला. रशियन केमिकल सोसायटीच्या बैठकीला ते स्वतः नव्हते. त्यांचा निबंध सहकारी मेन्शुत्किन यांनी वाचून दाखवला.

सारणी त्यांना स्वप्नात दिसली, ही गोष्ट आजही समाजमाध्यमांवर फिरते. मात्र त्या एका दिवसामागे पाठ्यपुस्तकासाठी गोळा केलेली माहिती आणि कार्लस्रूहपासूनची नऊ वर्षे होती.

इतरांनीही असे प्रयत्न केले होते ना?

हो. जर्मनीच्या डोबेरायनर यांनी सारख्या गुणांच्या मूलद्रव्यांची त्रिके मांडली होती. इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी १८६५ मध्ये अष्टकांचा नियम सांगितला. सप्तकात ‘सा’नंतर पुन्हा ‘सा’ येतो, तसे दर आठव्या मूलद्रव्याला पहिल्याचे गुण येतात, असा तो विचार. पण न्यूलँड्स यांनी नव्या मूलद्रव्यांसाठी जागाच ठेवली नाही. त्यामुळे कॅल्शियमपर्यंत नियम चालला आणि पुढे गाडी अडली. जर्मनीचे लोथार मायर यांचीही सारणी जवळपास तशीच होती. १८८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने डेव्ही पदक मेंडेलीव्ह आणि मायर या दोघांना मिळून दिले.

फरक पडला तो धाडसाचा. मूलद्रव्य जागेवर बसत नसेल तर मेंडेलीव्ह जागा रिकामी सोडत. कधी मान्य अणुभारच चुकीचा आहे, असे जाहीर करत. बेरिलियमचा अणुभार १४ च्या आसपास मानला जाई. तो ९ असावा आणि बेरिलियम मॅग्नेशियमच्या वर बसावे, असे त्यांनी सांगितले. युरेनियमचा १२० हा आकडा त्यांनी थेट दुप्पट केला. दोन्ही दुरुस्त्या योग्य निघाल्या. चूक निघाली असती तर सगळी मांडणीच हास्यास्पद ठरली असती.

भाकिताचा हिशेब कसा होता?

१८७१ मध्ये त्यांनी तीन रिकाम्या जागांचे तपशील प्रसिद्ध केले. नावे दिली एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम आणि एका-सिलिकॉन. यातला ‘एका’ म्हणजे संस्कृतमधला ‘एक’. ज्ञात मूलद्रव्याच्या एक घर खाली जे असेल ते ‘एका’, दोन घरे खाली असेल ते ‘द्वि’. त्याच काळात सेंट पीटर्सबर्गमधून ऑटो ब्योटलिंक आणि रूडोल्फ रोट यांचा संस्कृत-जर्मन महाकोश खंडाखंडाने प्रसिद्ध होत होता.

हिशेबाचे सूत्र साधे आहे : मूलद्रव्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखायचे. एका-सिलिकॉनच्या वर सिलिकॉन (२८), खाली कथिल (११८), एका बाजूला आर्सेनिक (७५) आणि दुसरीकडे तेव्हा ज्ञात असलेले सर्वांत जवळचे जस्त (६५). चौघांची बेरीज २८६, सरासरी ७१.५. मेंडेलीव्ह यांचे भाकीत होते ७२. १८८६ मध्ये जर्मनीच्या विंक्लर यांना जर्मेनियम सापडले. त्याचा अणुभार आज ७२.६ मानला जातो. घनतेचे भाकीत ५.५ होते, प्रत्यक्षात ती सुमारे ५.३ आहे.

गॅलियमचा अणुभार त्यांनी ६८ सांगितला होता, तो ६९.७ निघाला. तिसरी जागा १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सन यांनी शोधलेल्या स्कँडियमने भरली. भाकीत ४४, प्रत्यक्षात ४५. अवघ्या १५ वर्षांत तिन्ही घरे भरली.

रासायनिक बंधाचे भाकीत कसे करता येते?

मेंडेलीव्ह यांचा भर फक्त अणुभारावर नव्हता. एखादे मूलद्रव्य दुसऱ्याच्या किती अणूंशी जोडले जाते, म्हणजे त्याची संयुजा किती, हेही ते पाहत. तिसऱ्या ओळीत हे स्पष्ट दिसते. सोडियम क्लोरीनच्या एका अणूशी जोडले जाते, मॅग्नेशियम दोघांशी, ॲल्युमिनियम तिघांशी आणि सिलिकॉन चौघांशी. पुढच्या ओळीत हीच चाल पुन्हा सुरू होते. म्हणून सिलिकॉनखालचे अज्ञात मूलद्रव्यही चार क्लोरीन घेणार आणि त्याचा क्लोराइड १०० अंश सेल्सिअसच्या आतच उकळणारा द्रव असणार, असे त्यांनी सांगितले. जर्मेनियमचा क्लोराइड सुमारे ८६ अंशांना उकळतो.

यामागचे कारण आज शाळेतही शिकवतात. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बंध तयार करतात. एकाच गणातील, म्हणजे एकाच उभ्या स्तंभातील मूलद्रव्यांत या इलेक्ट्रॉनांची संख्या साधारणपणे सारखी असते, त्यामुळे त्यांचे वागणेही सारखे. सोडियमकडे बाहेर एकच इलेक्ट्रॉन, तो ते सहज देऊन टाकते. क्लोरीनला कक्षा पूर्ण करायला एकच कमी, ते तो घेते. या देवाणघेवाणीतून आपल्या ताटातले मीठ बनते. गणात खाली जाऊ तसा अणू मोठा होतो, बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची पकड सैल होते. म्हणून पाण्यात सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त जोरात पेटते.

मग मेंडेलीव्ह कुठे चुकले?

गंमत अशी, की हे कारण मेंडेलीव्ह यांना माहीत नव्हते आणि पुढे आले तेव्हा पटलेही नाही. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला, पण अणूचे आणखी भाग असू शकतात हा विचार त्यांनी मनापासून स्वीकारला नाही. १८९४ मध्ये अरगॉन सापडला. कशाशीच संयोग न करणाऱ्या या वायूला सारणीत घर नव्हते. हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असा संशय त्यांनी घेतला. अखेर या राजवायूंसाठी ‘शून्य’ गण जोडावा लागला, आणि त्याने सारणी मोडली नाही, उलट पूर्ण झाली.

टेल्युरियम आणि आयोडिनच्या बाबतीतही तसेच झाले. गुणांप्रमाणे आयोडिन नंतर यायला हवे, पण टेल्युरियमचा अणुभार जास्त भरत होता. मोजणीच चुकली, असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात मोजणी बरोबर होती आणि त्यांनी ठरवलेली जागाही बरोबर होती. चुकीचा होता तो आधार. १९१३ मध्ये इंग्लंडच्या मोस्ले यांनी दाखवले, की सारणीचा खरा क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा आहे. टेल्युरियमचा अणुअंक ५२, आयोडिनचा ५३. हे कळायला मेंडेलीव्ह हयात नव्हते.

नोबेल का मिळाले नाही?

१९०६ मध्ये नोबेल समितीने मेंडेलीव्ह यांच्या नावाची शिफारस केली होती. मात्र स्वीडिश विज्ञान अकादमीने ती उलटवली आणि पुरस्कार फ्लोरिन वेगळा करणारे फ्रान्सचे मॉयसां यांना दिला. २ फेब्रुवारी १९०७ रोजी मेंडेलीव्ह यांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात मॉयसांही गेले. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे तयार झालेल्या १०१ व्या मूलद्रव्याला मेंडेलीव्हियम हे नाव मिळाले.

आज याचे महत्त्व काय?

मेंडेलीव्ह यांनी सोडलेली ती घरे आज उद्योगांच्या केंद्रस्थानी आहेत. एलईडी दिव्यांत आणि फोनच्या छोट्या वेगवान चार्जरमध्ये गॅलियमची संयुगे असतात. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता आणि इंटरनेट वाहून नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरमध्येही जर्मेनियम वापरले जाते. ऑगस्ट २०२३ पासून चीनने या दोन्हींच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा जगभरातील चिप उद्योगाला चिंता लागली.

सारणीत आज ११८ मूलद्रव्ये आहेत आणि सातवी ओळ पूर्ण भरली आहे. ११९ वे मूलद्रव्य तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ते अजून कुणी पाहिलेले नाही. तरीही ते सोडियम-पोटॅशियमच्या गणात बसेल आणि त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. इतक्या जड अणूंमध्ये सारणीचा नियम कितपत टिकतो, हे ते मूलद्रव्य हाती आल्यावरच ठरेल. तोपर्यंत त्याची जागा रिकामी आहे, १८७१ मध्ये गॅलियमची होती तशीच.