पाण्याकाठची नेमणूक

जामखेड तालुक्यातले चौंडी हे सीना नदीच्या काठचे गाव. सीना नगर तालुक्यात उगम पावते, शहराच्या कडेने खाली कर्जत-जामखेडकडे उतरते आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. पावसाळ्यात चार दिवस दुथडी आणि उन्हाळ्यात वाळूच वाळू, असा तिचा स्वभाव. या नदीकाठच्या गावात, माणकोजी शिंदे या पाटलाच्या घरी, ३१ मे १७२५ रोजी एक मुलगी जन्माला आली. पुढे तीनशे वर्षांनी तिच्या माहेरच्या जिल्ह्यालाच तिचे नाव मिळाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आणि २०२५ साली तिच्या जन्माची त्रिशताब्दी थाटात साजरी झाली.

अहिल्याबाई होळकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र येते. अंगावर पांढरे वस्त्र, डोक्यावर पदर आणि तळहातावर शिवलिंग. शाळेच्या पुस्तकापासून कॅलेंडरपर्यंत हेच चित्र आपण पाहत आलो. त्याखाली त्यांनी बांधलेल्या मंदिरांची यादी असते. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ. यादी खरीच आहे. पण तिच्यातली मंदिरे जरा बाजूला ठेवून उरलेले मोजायला बसले, तर हाती काय लागते? घाट, कुंडे, बारवा, विहिरी, पाणपोया. बाईंच्या दानधर्माचा फार मोठा भाग पाण्याकाठी खर्च झाला आहे. आणि त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट कॅलेंडरच्या चित्रात मावत नाही. ती गोष्ट म्हणजे नेमणूक, म्हणजे बांधलेली वास्तू पुढे चालावी म्हणून दरसाल लावून दिलेली रक्कम.

सासऱ्यांची शाळा

ज्या काळात मुलींना अक्षर शिकवायची रीत नव्हती, त्या काळात माणकोजींनी मुलीला लिहा-वाचायला शिकवले. पुण्याकडे निघालेल्या मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीला पडला, देवळात त्यांनी ही चुणचुणीत मुलगी पाहिली आणि सून म्हणून निवडली, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. १७३३ साली खंडेरावांशी लग्न झाले, तेव्हा तिचे वय जेमतेम आठ. नीरेकाठच्या होळ गावातून निघून तलवारीच्या जोरावर माळव्याचा सुभेदार झालेला सासरा आणि घरातला व्यवहार करड्या नजरेने पाहणारी सासू गौतमाबाई, ही तिची खरी शाळा.

गौतमाबाईंच्या नावाशी एक महत्त्वाची गोष्ट जोडलेली आहे. १७३४ साली पेशव्यांकडून त्यांना स्वतंत्र जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न सालीना सुमारे तीन लाख रुपये. ही खासगी. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. फौजेचा खर्च दौलतीतून व्हायचा आणि खासगीवर घरच्या बाईचा अधिकार चालायचा. गौतमाबाई १७६१ साली गेल्या आणि ही खासगी सुनेकडे आली. अहिल्याबाईंच्या पुढच्या सगळ्या दानधर्माची गंगोत्री इथे आहे.

मधल्या काळात आयुष्याने मोठा घाव घातला होता. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून मागे फिरवले. नुसते मागे फिरवून ते थांबले नाहीत, तिच्यावर कारभार सोपवला. सासऱ्याने सुनेला पाठवलेल्या पत्रांत तोफखाना, दारूगोळा, रसद यांची कामे सांगितलेली आहेत. सासरा मोहिमेवर आणि मागचे सगळे सुनेच्या शिरावर, अशी त्या घराची घडी बसली होती.

दौलत आणि खासगी

१७६६ साली मल्हारराव आलमपूरला वारले. नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षाच्या आतच तोही गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही. कारभारी गंगाधरपंत चंद्रचूडांनी दत्तक घेण्याचा घाट घातला, राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेकाठी येऊन ठेपले. बाईंनी शिंद्यांना, गायकवाडांना मदतीसाठी पत्रे धाडली, स्वतः लढायची तयारी दाखवली आणि पुण्यात माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी कौल बाईंच्या बाजूने दिला. राघोबादादांना आपण सांत्वनासाठीच आलो, असे म्हणण्याची पाळी आली. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार बाईंकडे, अशी वाटणी होऊन १७६७ पासून पुढची अठ्ठावीस वर्षे राज्य चालले.

राजधानी त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. बाहेरून विणकर आणून वसवले. आजही लग्नाच्या खरेदीत माहेश्वरी साडी घेतली जाते, ती त्या पेठेची पुण्याई. पहाटे उठून स्नान, पूजा, दानधर्म, दुपारी दोनच्या सुमारास दरबार, संध्याकाळपर्यंत तक्रारी ऐकणे, रात्री पुन्हा कागदपत्रे, असा त्यांचा दिनक्रम इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने नोंदवून ठेवला आहे. माल्कम माळव्यात आला तो बाई गेल्यानंतर तेवीस वर्षांनी, १८१८ साली. ज्यांनी बाईंना पाहिले होते अशा माणसांना विचारून त्याने हे लिहिले.

दानासाठी पैसा हातात घेण्यापूर्वी बाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवले, म्हणजे तो देवाचा झाला, असे सांगतात. गोष्टीतला भाविकपणा बाजूला ठेवला तरी व्यवहार स्पष्ट दिसतो. रयतेकडून आलेला दौलतीचा पैसा आणि दानाचा पैसा त्यांनी एकमेकांत मिसळू दिला नाही. यावरून तुकोजींशी खटके उडाले. फौजेला पैसा कमी पडतो आणि इकडे घाट बांधले जातात, ही तक्रार तेव्हाही होती, नंतरही झाली. माल्कमचे मत मात्र निराळे पडले. दानावर केला त्याच्या दुप्पट खर्च फौजेवर करूनही मुलखात इतकी वर्षे शांतता राहिली असती का, अशी शंका त्याने व्यक्त केली आहे. एका लष्करी माणसाने हे लिहावे, याला मोल आहे.

घाट बांधला, पुढे काय?

काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० साली उभे केले, पण त्याच काशीत मणिकर्णिका आणि दशाश्वमेध घाटांची कामेही केली. गंगेवरचा एक घाट आजही अहिल्याबाई घाट म्हणूनच ओळखला जातो. हरिद्वारचा कुशावर्त घाट, वेरूळचे शिवालय तीर्थ, नाशिकला गोदेच्या पात्रातले अहिल्याबाई कुंड आणि घरच्या महेश्वरचे नर्मदेवरचे घाट. लहानसहान वाटांवरच्या बारवा आणि विहिरी तर किती सांगाव्यात. आपल्या भागात जुनी दगडी बारव दिसली की गावकरी ती अहिल्याबाईंची म्हणून मोकळे होतात. त्यातल्या कितीतरी त्यांच्या आधीच्या आहेत, यादवकाळातल्याही आहेत. पण चांगले पाणी आणि बाईंचे नाव लोकांच्या मनात इतके एक झाले आहे.

घाट बांधणे हे एकदाचे काम. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. दर पावसाळ्यात पुराचे पाणी पायऱ्यांच्या तळाची माती ओढून नेते. दगडांच्या सांध्यातला चुना झिजतो. त्या फटीत पिंपळाचे बी पडले की दोन वर्षांत मुळी दगड उचलायला लागते. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर हातभर गाळ उरतो. बारवेचेही तेच. तळाचा गाळ उन्हाळ्यात उपसला नाही तर झरे बुजतात, पाणी कुजते आणि मग गावच तिच्यात केरकचरा टाकू लागते. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

बाईंना हे पक्के ठाऊक होते. म्हणून वास्तू उभी राहिली की तिच्या मागे नेमणूक लागायची. कुठे जमिनीचे उत्पन्न, कुठे सालीना रोख रक्कम. त्यातून पूजा-दिवाबत्ती, अन्नछत्र, झाडलोट करणारा माणूस आणि डागडुजी भागायची. दूरदूरच्या देवस्थानांना गंगेच्या पाण्याच्या कावडी जायच्या, त्याही ठरलेल्या नेमाने. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्तोरस्ती पाणी घेऊन माणसे उभी असत. माल्कमने दिलेला एक तपशील तर डोळ्यांसमोर उभा राहतो. महेश्वरजवळच्या शेतात भर उन्हात औत चालले आहे आणि बाईंचा नोकर येऊन ते थांबवतो, का तर बैलांना पाणी पाजायचे आहे. पाखरांनी सुखाने दाणे टिपावेत म्हणून बाईंनी काही शेते विकत घेऊन ठेवली होती. अशा गोष्टींना एकदाच दिलेली देणगी पुरत नाही, रोज कुणीतरी उठून ते काम करावे लागते. त्या रोजच्या कामाचा पगार बाईंनी बांधून दिला होता.

नर्मदेच्या काठी

इतरांच्या सोयीसाठी बांधलेल्या काठावर बाईंच्या स्वतःच्या वाट्याला काय आले, तेही पाहायला हवे. नवरा, सासरा, मुलगा गेले. उरली मुलगी मुक्ताबाई, तिचा नवरा यशवंतराव फणसे आणि नातू नथ्याबा. नातू ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ साली जावई गेला आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. बाईंनी तिच्या पायांवर लोळण घेतली, आपल्याला एकटे टाकून जाऊ नकोस म्हणून विनवले. मुलगी ऐकेना. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या विनवणीने त्या स्वतः मागे फिरल्या होत्या. आईच्या विनवणीने मुलगी फिरली नाही आणि राज्यकर्त्या असूनही त्या रूढीपुढे त्यांचा हुकूम चालला नाही. नर्मदेच्या काठी चिता पेटली, तेव्हा दोघांनी बाईंचे हात धरून त्यांना उभे ठेवले होते. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. चौथ्या दिवसापासून दरबार पुन्हा सुरू झाला की आणखी काही दिवसांनी, याला महत्त्व नाही. सुरू झाला, हे खरे. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे त्यांनी कारभार पाहिला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला.

आता पाळी कुणाची?

बाई गेल्या, होळकरांचे राज्यही पुढे १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. विलीनीकरणात खासगीचे उत्पन्न सरकारकडे गेले आणि बदल्यात या धर्मादायासाठी सरकारने दरसाल २,९१,९५२ रुपये कायम द्यावेत, असे ठरले. १९६२ साली इंदूरला खासगी ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याकडे देशभर विखुरलेल्या अडीचशेच्या आसपास मालमत्ता. मंदिरे, धर्मशाळा, घाट, छत्र्या, बागा. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद उठला, तो उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हा सार्वजनिक न्यास आहे आणि त्याने मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावी. कज्ज्याच्या तपशिलात शिरण्याचे इथे कारण नाही. सामान्य माणसाने त्यातून एवढेच घ्यावे, की बाईंचे दान हे आता आपले सर्वांचे आहे आणि त्याचा हिशेब विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

हक्क आला की वर्गणी आली. बाईंच्या पाठीशी सालीना तीन लाखांची खासगी होती. आज तशी खासगी कुणाकडे नाही, पण माणसे आहेत. आणि बाईंच्या माहेरच्या जिल्ह्याने ते करून दाखवले आहे. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर आणि हिवरे बाजारात १९९० च्या आसपास गावकऱ्यांनी श्रमदानाने पाणी अडवले. मुळा कालव्याच्या सातव्या मायनरवर शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाणीवापर संस्था काढली. राज्यातल्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. शेतकरी सभासद होतो, संस्थेकडून पाणी घेतो, पट्टी भरतो आणि त्या पैशातून चारी साफ होते, दारे दुरुस्त होतात. २००५ साली राज्याने अशा संस्थांसाठी कायदाच केला. जिथे सभासद सभेला येतात आणि पट्टी वेळेवर भरतात, तिथे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते. जिथे फक्त कागदावर सभासद असतात, तिथे चारीत बाभळी उगवतात. अलीकडे गावोगावची तरुण मुले सुट्टीच्या दिवशी फावडी-घमेली घेऊन जुन्या बारवांत उतरतात, झुडपे तोडतात, गाळ काढतात आणि महाशिवरात्रीला तिथे पणत्या लावतात. पणत्या दिसायला सुरेखच. पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गाळ काढायला तीच मुले येतील का, यावर त्या बारवेचे आयुष्य ठरणार आहे.

दरवर्षी ३१ मे रोजी चौंडीला मोठी गर्दी होते. हार घातले जातात, भाषणे होतात. त्याच सुमारास, म्हणजे मृगाच्या आधी, सीना कोरडी असते, बारवांनी तळ गाठलेला असतो आणि गाळ काढायला याहून चांगला मुहूर्त नसतो. आपल्या गावच्या बारवेसाठी, ओढ्यासाठी, घाटासाठी घरटी वर्षाला एक लहानशी रक्कम आणि एक दिवस बाजूला काढून ठेवला, देवासमोरच्या डब्यात ठेवतो तसा, तर ती आपल्या घरची नेमणूक होईल. जयंतीचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. उपसलेल्या बारवेला मात्र पहिल्या पावसानंतर पाणी येते.