मापाशी इमान राखणारे डॉ. घाटगे

लाकडाची वा पुठ्ठ्याची लढाऊ विमाने करणाऱ्या विद्यार्थ्यांना डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे चरित्र ठाऊक असावे. १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या खेड्यात ते जन्मले. मुंबई विद्यापीठाचे शिक्षण संपवून ते जर्मनीस गेले व गटिंगेन येथे थोर शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टर झाले.

१९४० साली वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. घाटगे तेथे रुजू झाले. त्यांनी आखलेले ‘एच. टी. २’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली ‘किरण’ साकारले.

विमान उडण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती बोगद्यात ठेवून तिच्यावर वेगाने वारा सोडतात. तिचे माप चुकले, तर आकडे खोटे ठरतात आणि त्याचे मोल वैमानिकाला प्राणांनी द्यावे लागते. याच कारखान्यात कुर्ट टांक यांनी ‘मरुत’ हे लढाऊ विमान आखले. तेव्हा त्याची पूर्ण मापाची, इंजिनाविना लाकडी प्रतिकृती १९५९ साली प्रथम आकाशात नेण्यात आली. मूळ विमान १९६१ साली उडाले व १९७१ च्या युद्धात लढले.

घाटगे १९९१ साली निवर्तले. मरुतच्या पंखांचा विस्तार ९ मीटर होता. बहात्तरास एक या प्रमाणात तो साडेबारा सेंटीमीटर भरतो. धूलकोटच्या बालकारागिरांनो, तो तेवढाच ठेवा!