केडगावचे मुक्तिसदन

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या रमेला दिली. पुढे दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले. बहीणभाऊ अनवाणी देशभर हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. अशा बुद्धिमतीने केवळ स्वतःच्या कर्तृत्वावर विसंबावे, यात नवल नव्हते. पण त्यांचे तसे झाले नाही. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले, तेव्हा अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. ती मुदत सरत आली आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतात अस्थिपंजर झालेल्या मुली पाहून रमाबाईंना आपले उपाशी बालपण आठवले. आधी द्रव्य, मग मुली, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. देव आपला शब्द पाळतो, एवढाच त्यांचा आधार! मात्र देवावर भार टाकून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावच्या माळावर त्यांनी विहिरी खणविल्या, शेती करविली, मुलींना विणकाम व छपाई शिकविली.

१९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरीही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.