कामगारांच्या श्वासाचा राखणदार : जॉन स्कॉट हाल्डेन



सोड्याची बाटली उघडताना तुम्ही पाहिली असेल. बूच निघताच दाब उतरतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. पाणबुड्याच्या शरीरातही असेच घडू शकते. खोल पाण्यात दाबाखालील हवा घेताना नायट्रोजन वायू रक्तात व चरबीत विरघळतो. माणूस घाईने वर आला की त्याचे बुडबुडे बनतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी प्राणही जातो. पुलाच्या पायासाठी दाबाच्या हवेच्या कोठीत खणणाऱ्या मजुरांवरही हेच संकट येई.

या संकटावर शास्त्रीय तोडगा देणारे जॉन स्कॉट हाल्डेन १८६० साली एडिंबरा येथे जन्मले. १८८४ साली ते डॉक्टर झाले; पण दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधनाची वाट धरली. कोळशाच्या खाणीतील स्फोटांनंतर बहुतेक मजूर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने दगावतात, हे त्यांनी १८९६ साली दाखवून दिले. असे वायू ते स्वतः हुंगून पाहत.

पुढे ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांचा प्रश्न त्यांच्याकडे सोपविला. त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रात पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. त्या वेळी हाल्डेन यांनी आपल्या १३ वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरविले! १९०८ साली त्यांनी टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर येण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. लठ्ठ माणसाला धोका अधिक, म्हणून अशा कामासाठी माणूस पारखून घ्यावा, हेही त्यांनी सांगितले.

आजच्या वैद्यकीय तपासणीमागे हाच विचार आहे. कामावर घेण्यापूर्वी कान, फुप्फुसे, हृदय व वजन तपासतात. पुढे ठराविक काळाने पुन्हा तपासणी होते. खांद्याचे व खुब्याचे हाड आतून निकामी होत असले तरी वर्षानुवर्षे दुखत नाही. ते छायाचित्रातच कळते. आपल्या देशातील कामगार भरपाईच्या कायद्यानेही दाबाच्या हवेत काम केल्याने होणारे रोग व्यवसायजन्य रोगांत धरले.

वयाच्या पंचाहत्तरीत हाल्डेन इराण-इराकला गेले, ते तेलाच्या कारखान्यातील मजुरांना होणाऱ्या उष्माघाताचा शोध घेण्यासाठी. परतल्यावर १९३६ साली त्यांचे निधन झाले. पाण्यात उतरविलेला तो मुलगा, जे. बी. एस. हाल्डेन, पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला, भारताचा नागरिक बनला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला.

वाचकहो, १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले आणि पाणबुड्यांचे काम आपल्या दाराशी आले. पनवेल-उरणची मुले बंदरात, जहाजांवर, आखातात नोकरीस जातात. पगार किती, हे आपण पहिल्यांदा विचारतो. तपासणी कोणी केली, अहवाल कोठे आहे, दुखापत झाल्यास जवळचा उपचार कोठे मिळेल, हेही विचारा. शरीर ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. आणि मुलांनो, तपासणीच्या वेळी कानाचे किंवा छातीचे दुखणे नोकरीच्या लोभाने लपवू नका. नोकरी दुसरीही मिळेल.